पाणी कमी नाही, वेळेवर नाही : स्पितीतले नऊ दिवस

पहिला दिवस : शिमला ते कल्पा

पहाटे साडेपाचला शिमला सोडलं. गाडीत पाच जण : पाण्याचा अभ्यास करणारा मित्र, हिमबिबट्यांवर पीएचडी करणारी मैत्रीण, सामान आणि हिशेब सांभाळणारा एक तरुण स्वयंसेवक, मुलाखतींची जबाबदारी असलेली मी, आणि आमचे चालक. ते स्पितीचेच. पहिल्या चहाच्या थांब्यापासून ते आमचे 'भाईजी' झाले ते शेवटपर्यंत. डिकीत कॅमेरे, बॅटऱ्या, एक 20 लिटरची बादली, दोरखंड, आणि माझ्या छापील प्रश्नावलीच्या साठ प्रती.

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या एका गावाबरोबर मिळून पाणी, चराई आणि वन्यप्राणी यांचा एकत्र अभ्यास करायचा, अशी ही योजना. गाव काझा या स्पितीतल्या मुख्य ठिकाणाच्या वर, 4,000 मीटरहून उंचावर आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लोक आमच्याशी मोकळेपणाने बोलले, भांडणंसुद्धा लपवली नाहीत. ते सगळं त्यांचं आहे.

रामपूरच्या पुढे सतलजची दरी अरुंद होत जाते. नाथपा-झाकरीचा 1,500 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प याच पट्ट्यात आहे. नदी बोगद्यात वळवलेली, त्यामुळे मैलोन् मैल पात्रात पाण्यापेक्षा धोंडेच जास्त. भाईजी म्हणाले, "इथे नदीचं पाणी कुठे जातं ते कागदावर असतं. आमच्याकडे ते माणसांच्या डोक्यात असतं." मी ते वहीत लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ कळायला पाच दिवस गेले.

कल्प्याला पोहोचलो तेव्हा किन्नर कैलास शिखरावर शेवटचं ऊन होतं.

दुसरा दिवस : कल्पा ते ताबो

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून डावीकडे वळलं की जगच बदलतं. देवदार संपतात, मग झुडपं संपतात, आणि उरतात फक्त मातकट, राखाडी, जांभळट डोंगर. मान्सूनचे ढग इथवर पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात. वर्षभराचं पाणी म्हणजे मुख्यतः हिवाळ्यात पडलेलं बर्फ. उन्हाळ्यात ते वितळतं आणि गावांकडे येतं. इथली शेती आणि इथली वस्ती याच एका गोष्टीवर उभी आहे.

ताबोचा मठ इसवी सन 996 मधला. मातीच्या भिंती, आत अंधार, आणि टॉर्चच्या उजेडात उमलत जाणारी भित्तिचित्रं. हजार वर्षं मातीची भिंत टिकली, कारण पाऊस नव्हता. 1975 च्या किन्नौर भूकंपाचा तडाखाही तिने सोसला. आता एका भिक्षूंना काळजी आहे ती पावसाची. ते म्हणाले, बर्फ पडलं की आम्ही छतावरून फावड्याने ओढून टाकतो. पाऊस कसा ओढणार?

तिसरा दिवस : धनकर, काझा

धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. पिन आणि स्पितीच्या संगमावर, वारुळासारख्या सुळक्यांवर तोललेला मठ. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2006 साली जगभरातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत तो घेतला होता. आम्ही तासभर थांबलो आणि निघालो.

काझा 3,650 मीटरवर. किन्नौरच्या बाजूने हळूहळू चढत आल्यामुळे डोकेदुखीपलीकडे कुणाला त्रास झाला नाही. मनालीहून एका दिवसात थेट वर येणाऱ्यांचे फार हाल होतात. घाई नसेल तर हाच रस्ता घ्यावा, असं मी कुणालाही सांगेन.

संध्याकाळी बाजाराच्या मागे कचऱ्याच्या ढिगाजवळ मोजायला लागलो तर तेवीस कुत्री. पर्यटक वाढले, हॉटेलं वाढली, उष्टंखरकटं वाढलं, त्यावर कुत्री पोसली गेली. हिवाळ्यात हॉटेलं बंद झाली की हीच कुत्री टोळीने वरच्या गावांकडे सरकतात आणि शेळ्यामेंढ्यांवर पडतात. आमची वन्यजीववाली मैत्रीण म्हणाली, बाहेरच्यांना वाटतं की इथल्या मेंढपाळाचा वैरी हिमबिबट्या. बऱ्याच गावांत लोक आधी कुत्र्यांचं नाव घेतात.

तिथल्याच एका वेल्डिंगच्या दुकानात आम्ही पत्र्याचा एक तुकडा कापून घेतला. मधोमध व्ही आकाराची खाच, बरोबर काटकोनात. दुकानदाराने गुण्या तीनदा लावून पाहिला. त्याला वाटत होतं आम्ही काही सजावटीचं करतोय.

चौथा दिवस : किब्बर

हिमबिबट्याच्या अभ्यासात किब्बरचं नाव मोठं आहे, आणि ते फक्त बिबट्यामुळे नाही. चारुदत्त मिश्रा 1990 च्या दशकात इथे संशोधनाला आले. त्यांच्या लक्षात आलं की डोंगरावर पाळीव जनावरं इतकी वाढली की भरलांना, म्हणजे निळ्या मेंढ्यांना, चाराच उरत नाही. भरल नाहीत म्हणजे बिबट्याला शिकार नाही, आणि मग तो गोठ्यात उतरतो. यावर वाट निघाली ती गावाशी बोलून. दशकाच्या अखेरीस किब्बरकरांनी आपल्या कुरणाचा सुमारे 5 चौरस किलोमीटरचा तुकडा चराईसाठी बंद केला, त्याचा मोबदला गावाने सामायिक कामांना घेतला. तिथे भरल वाढले. 2002 मध्ये गावाने स्वतःची जनावर-विमा योजना सुरू केली. हप्ता पशुपालक भरतात, आणि याक किंवा घोडा मेला तर तो खरंच बिबट्याने मारला की नाही हे गावची समितीच ठरवते. शेजाऱ्याच्या जनावराबद्दल शेजाऱ्यासमोर खोटं बोलणं अवघड असतं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यासमोर तितकं अवघड नसतं. ही योजना का टिकली, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

जानेवारी 2024 मध्ये देशातल्या हिमबिबट्यांची पहिली शास्त्रीय गणना प्रसिद्ध झाली. देशात 718, त्यातले हिमाचलात 51. हिमाचलातले कॅमेरे डोंगरांवर वाहून नेऊन लावण्याचं काम किब्बरच्या तरुणांनी केलं होतं. हा आकडा वाचताना पाठीवर कॅमेरे घेऊन बर्फातून चढणारी ती पोरं आठवावीत, एवढंच मला वाटतं.

दुपारी आम्हीही एका धारेवर गेलो. मदतीला आम्ही अभ्यास करत होतो त्या गावच्या दोन मुली होत्या, दोघी विशीतल्या. कॅमेरा कुठे लावायचा हे त्यांना न सांगता कळत होतं. बिबट्या धारेच्या कडेकडेने चालतो, खिंडीत थांबतो, पुढे झुकलेल्या खडकाखाली मूत्राचा फवारा मारून खूण ठेवतो. एकीने गुडघे टेकून तो खडक हुंगला आणि म्हणाली, "चार-पाच दिवसांचा." मी हुंगलं तर मला उष्ण दगडाचा वास आला, दुसरं काही नाही. तिने कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, दगडांच्या छोट्या रचलेल्या ओट्यावर बसवला, तोंड उत्तरेकडे. सूर्य थेट भिंगात आला तर कॅमेरा उगाच चालू होत राहतो. मग ती स्वतः चार पायांवर त्याच्यासमोरून रांगत गेली, लाल दिवा लुकलुकतो का ते बघायला. शेवटी समोरचं सगळं गवत तिने हाताने उपटलं. आमच्या आधीच्या फेरीत ते राहिलं होतं, आणि कार्डावर हजारो फोटो आले होते. सगळे वाऱ्यावर डोलणाऱ्या एकाच गवताच्या काडीचे. बॅटऱ्या त्यातच संपल्या आणि तीन आठवड्यांची नोंद गेली. त्याची जबाबदारी आमची होती, कारण गवत काढायला या मुलींनी तेव्हाही सांगितलं होतं.

स्थानिक भाषेत हिमबिबट्याला 'शेन' म्हणतात. आम्हाला तो दिसला नाही. भरल मात्र चाळीसेक दिसले.

पाचवा दिवस : कूल

गावात मुक्काम एका आबींच्या घरी. आबी म्हणजे आजी. जाड मातीच्या भिंती, सपाट छत, छतावर कडेने रचलेली झुडपांची मोळी. वरच्या मजल्यावर कोरडं संडास. खाली राख आणि मातीत सगळं कुजतं आणि वसंतात शेतात जातं. पाण्याचा थेंब लागत नाही.

पहाटे चारला त्यांनी मला उठवलं. त्यांची पाळी होती. आपल्याकडे शेतकरी जसं दारं धरतात, तसंच त्या दारं धरायला निघाल्या होत्या. मी स्वेटरवर स्वेटर चढवून मागे गेले.

वरच्या हिमनाल्यातून गावापर्यंत जो पाट येतो त्याला कूल म्हणतात. रुंदी जेमतेम दोन वीत. काही ठिकाणी खडकात कोरलेला, काही ठिकाणी दगड रचून उचललेला. रात्रभराचं पाणी गावाच्या वरच्या तळ्यात साठतं आणि पहाटे पाळीप्रमाणे सुटतं. आबींच्या शेताच्या तोंडाशी कूलला एक फाटा होता. तो बंद होता एका सपाट दगडाने, आणि दगडाभोवती हिरवळीची ढेकळं दाबून बसवलेली. गवत मुळासकट, मातीसकट खणून काढलेलं, विटेएवढं. आबींनी फावड्याच्या टोकाने एकेक ढेकूळ उचलून काठावर ओळीने ठेवलं, तुटू न देता. मग दगड सरकवला. पाणी एकदम आलं नाही. आधी एक काळी रेघ मातीत सरकली, तिच्या टोकाला फेस आणि काड्या, मग ती थांबली, वाट शोधली, आणि पुन्हा निघाली. आबी तिच्या पुढे पुढे चालत होत्या, फावड्याने वाफ्याचं तोंड मोकळं करत. वाटाण्याची रोपं वीतभर झालेली.

पूर्वी इथे जव आणि काळा वाटाणा. आता हिरवा वाटाणा मोठ्या प्रमाणावर, कारण मैदानात हंगाम संपलेला असताना इथला माल निघतो आणि भाव मिळतो. पण जव चार दिवस पाण्यावाचून तग धरतो. फुलोऱ्यातला वाटाणा धरत नाही.

पाळ्यांचा हिशेब कुणी लिहिलेला नाही. 'खांगछेन', म्हणजे मोठी घरं, ज्यांच्याकडे वाडवडिलांची जमीन, त्यांचा हक्क आधी. मग बाकीचे. कोणाची पाळी कोणाने मागितली, कोणी कोणाला उसनी दिली, हे सगळं तोंडी. खानदेशातल्या पांझरेकाठची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घेण्याची रीत, मला आठवली. तिथे पाणी सोडायला पाटकरी असतो, इथे घरोघरी पाटकरी आहेत. माझ्या मनात भाईजींचं पहिल्या दिवशीचं वाक्य उमटलं तेव्हा उजाडत होतं.

सूर्य वरच्या कड्यावर आला, शेजारीण काठावर येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. आबींनी दगड लावला, ढेकळं होती तशी परत बसवली, पायाने दाबली. फट राहिली नाही.

सहावा दिवस : प्रश्नावली

दिवसभर मुलाखती. पहिलाच प्रश्न : "तुमच्या गावात पाण्याची टंचाई जाणवते का?" सकाळपासून अकरा घरं झाली, अकराही ठिकाणी उत्तर 'हो'. मला बरं वाटत होतं, आकडा स्पष्ट येत होता.

बाराव्या घरात आमच्याच आबी बसल्या होत्या, लोकर कातत. त्यांनी माझा प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाल्या, "पाणी कमी नाही. वेळेवर नाही."

घरातले बाकीचे थांबले. आबी सांगत गेल्या. पूर्वी थंडी लागली की बर्फ पडायचं आणि पडलेलं बर्फ दबून, गोठून, दगडासारखं व्हायचं. त्यावर आणखी पडायचं. ते सावकाश वितळायचं. पेरणीला पाणी असायचं, आणि पीक उभं असतानाही असायचं. आता हिवाळा सरता सरता बर्फ पडतं. ओलं असतं. उन्हं तापली की भस्सकन जातं. पेरणीच्या वेळी तळं कोरडं, आणि नको तेव्हा कूलचा काठ फोडेल इतकं पाणी. "तू टंचाई विचारलीस म्हणून सगळ्यांनी हो म्हटलं. बाहेरचा माणूस टंचाईचंच विचारतो. टंचाई म्हटलं की टाकी मिळते."

मला त्यांचा राग आला नाही, माझाच आला. साठ प्रती छापताना पाणी 'किती' हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता. 'केव्हा' हा रकानाच नव्हता. अकरा घरांची उत्तरं खोटी नव्हती, पण त्यातून जो निष्कर्ष निघाला असता तो या गावाला टाकी देऊन गेला असता, आणि एप्रिल-मेमध्ये ती टाकीही तळ्यासारखीच कोरडी राहिली असती.

संध्याकाळी आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली. त्या दोन मुलींनी कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली, तिच्यावर बर्फ पडण्यापासून वाटाणा काढण्यापर्यंत गावाचं वर्ष मांडलं, आणि पाणी कुठे हवं, कुठे येतं, हे दोन रंगांत भरत नेलं. आम्ही फक्त बसलो होतो. दोन रंग कुठे एकमेकांपासून सुटतात ते कुणीही सांगू शकलं असतं.

सातवा दिवस : पत्रा

आता 'केव्हा' मोजायचं तर रोज मोजायला हवं, आणि ते आमच्यापैकी कुणी करणार नाही. गावानेच करायचं. काझ्याला कापून घेतलेला पत्रा बाहेर निघाला.

खाचेचं तंत्र जुनं आणि सोपं आहे. पाण्याच्या वाटेत पत्रा आडवा रोवायचा, सगळं पाणी व्ही आकाराच्या खाचेतून पडलं पाहिजे. पत्र्याच्या थोडं मागे पट्टी उभी करायची आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते वाचायचं. उंचीवरून प्रवाह कळतो. काटकोनी खाचेत 5 सेंटीमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. 10 सेंटीमीटरला मात्र दीड लिटर नाही, तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, कारण खाच वर रुंद होत जाते आणि वेगही वाढतो.

आदल्या रात्रीच आम्ही पत्रा बसवला होता तो प्लॅस्टिकचा कागद आणि सिमेंटचा हात देऊन. सकाळी पाहिलं तर खाच कोरडी, आणि पाणी पत्र्याखालून आणि दोन्ही बाजूंनी निवांत वाहत होतं. रात्रीच्या थंडीत सिमेंटने धरच धरला नव्हता. आम्ही चौघे खाली वाकून बोटांनी भोकं चाचपत असताना आबी आल्या, सोबत आणखी तिघीजणी. कुणी काही विचारलं नाही. एकीने वरच्या बांधावरून हिरवळीची ढेकळं खणली, दुसरीने ती गवताची बाजू खाली करून पत्र्याच्या बुडाशी रचली, तिसरीने फटींत ओली माती थापली, आणि आबी त्यावर उभ्या राहून पाय रोवत पुढे-मागे चालल्या. अर्ध्या तासात गळती थांबली. ओलं ढेकूळ फुगतं आणि स्वतःच फट भरतं, मुळं धरून ठेवतात. या उताराला, या थंडीला त्याहून चांगलं सामान आमच्या डिकीत नव्हतं.

मग खात्री करायची होती. खाचेखाली 20 लिटरची बादली, हातात घड्याळ. पट्टीवर 5 सेंटीमीटर. बादली भरली 26 सेकंदांत. पुन्हा केली, 25. तिसऱ्यांदा 26. तक्त्यातला आकडा आणि बादली जुळली तेव्हा आमचा पाणीवाला मित्र अक्षरशः टाळ्या वाजवायला लागला. मुलींपैकी धाकटीने शांतपणे विचारलं, "म्हणजे दोन बोटं पाणी चढलं तर वरच्या घराला मिळालेलं पाणी दुप्पट धरायचं नाही?" नाही. पिढ्यान् पिढ्या पाळीचं पाणी इथे तास मोजून वाटलं जातं, आणि भरल्या कूलचा एक तास आणि ओसरत्या कूलचा एक तास सारखाच धरला जातो. तिच्या प्रश्नात काय दडलंय ते तिथे उभ्या सगळ्या बायकांना आमच्या आधी कळलं. बराच वेळ त्या आपल्या भाषेत बोलत राहिल्या. भाईजींनी भाषांतर केलं नाही आणि मी मागितलं नाही.

आठवा दिवस : सभा

सभा मठाच्या अंगणात. नंबरदार म्हणजे गावचे मुखिया, पंचायतीच्या प्रधान, घरटी एक माणूस. आम्ही आमचं मांडण्याआधीच एका मध्यमवयीन गृहस्थांनी बोलायला घेतलं. काही वर्षांपूर्वी कुणी लोक आले होते, मातीचे नमुने नेले, घराघरांत तासन् तास प्रश्न विचारले, गावाने त्यांना जेवू घातलं, ठेवून घेतलं. नंतर पत्र नाही, फोन नाही. "आमच्या मातीत काय निघालं ते आम्हाला अजून माहीत नाही." आवाज चढवला नव्हता. आमच्यापैकी कुणी त्यांच्यात नव्हतं, तरी मान खाली गेली. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने असं कुठे ना कुठे केलेलं असतं.

मग गावाने अटी घातल्या, आणि त्या आम्ही आमच्या हाताने लिहून घेतल्या. पाण्याची नोंदवही गावात राहील, आम्हाला फक्त नक्कल. मोजणाऱ्यांना कामाचे पैसे मिळतील, उपकार म्हणून नाही. बिबट्याचे फोटो गावात आधी दाखवले जातील, आणि कॅमेऱ्याची नेमकी जागा कुठेही छापायची नाही, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात गाड्या भरून लोक येतील. कोणत्या घराला किती पाणी जातं हे गावाबाहेर सांगायचं नाही. या शेवटच्या अटीवर आमचा पाणीवाला थोडा अडला, कारण त्याच्या लेखासाठी तोच भाग सगळ्यात मोलाचा. रात्री गच्चीवर तो बराच वेळ फेऱ्या मारत होता. सकाळी म्हणाला, "एकूण प्रवाह लिहीन. वाटणी त्यांची."

एका तरुणाने विचारलं, लडाखसारखं इथे करता येईल का? चेवांग नोर्फेल यांनी तिथे सावलीच्या उतारावर हिवाळ्याचं पाणी अडवून, थरांनी गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या हिवाळ्यापासून पाइपातल्या उताराच्याच दाबाने पाणी फवारून बर्फाचे शंकू उभे केले. शंकूला उन्हासमोर पृष्ठभाग कमी येतो, म्हणून तो मागे रेंगाळत वितळतो, नेमका पेरणीच्या दिवसांत. या गावाची अडचण हीच होती, त्यामुळे अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. पण आमच्या मित्राने घाई केली नाही. त्याने उलट विचारलं, "जानेवारीत वरच्या नाल्यात पाणी वाहतं का? की पार गोठतं?" कुणी म्हणालं वाहतं, कुणी म्हणालं बर्फाखाली आवाज येतो, कुणी म्हणालं तो वाऱ्याचा. कुणी कधी खणून पाहिलं नव्हतं. जानेवारीत त्या वाटेने कोण जाणार?

"आम्ही जाऊ," धाकटी म्हणाली. "कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायला तसंही जातोच."

नववा दिवस : कुंझुम

निघताना आबींनी माझ्या हातात लोकरीचे मोजे ठेवले आणि उरलेल्या प्रश्नावल्या मागून घेतल्या. पाठकोऱ्या बाजूवर नातवाला गणितं घालायला.

लोसर हे स्पितीच्या या टोकाचं शेवटचं गाव. पुढे कुंझुम, साडेचार हजार मीटरवर. खिंडीच्या दोन्ही बाजूंना अजून बर्फाच्या भिंती होत्या. पलीकडे चंद्रा नदीच्या खोऱ्यात उतरताना मित्राने डावीकडचा एक फाटा दाखवला : वर छोटा शिग्री हिमनदी. 2002 पासून दरवर्षी तिथे संशोधक बर्फात बांबूच्या काठ्या रोवून हिमनदी किती झिजली ते मोजतात. भारतीय हिमालयातली ही सगळ्यात लांब चाललेल्या अशा नोंदींपैकी एक. तो म्हणाला, त्यातलं एक वर्ष जरी चुकलं असतं तर आज ती रेघ तुटलेली असती. मग काही बोलला नाही. मला वाटतं तो गावातल्या पत्र्याचाच विचार करत होता, मी करत होते म्हणून असेल.

कोकसरच्या पुढे मोबाइलला रेंज आली आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. माझ्या फोनवर थोरल्या मुलीने पाठवलेला एक फोटो होता, नोंदवहीच्या पहिल्या पानाचा. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, उंची, लिहिणारी, शेरा. त्या सकाळचा आकडा आधी 6 लिहून खोडलेला, शेजारी 9. शेऱ्याच्या रकान्यात गिचमिड अक्षरात हिंदीत : 'ढेला खिसक गया था. आबी ने बैठाया. दोबारा नापा.'

मी फोन पुढच्या सीटवर दिला. मित्राने फोटो मोठा करून पाहिला, मग खोडलेला 6 आणखी मोठा करून पाहिला.

भाईजींनी गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, "काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं.